मागितलेला निरोप

दुपारचे साडेतीन वाजलेत. गावाच्या सभागृहात चटईवर मी दोन्ही पाय एका बाजूला मुडपून बसले आहे. इथे बाईनं मांडी घालून बसायचं नसतं. दोन वर्षांत गुडघ्यांना सवय झाली, तरी आज डावा पाय बधिर झालाय आणि मी तो हलवत नाही. समोर दहा-बारा हातांवर तानोआ ठेवला आहे. आपल्या काठवटीसारखं एकाच लाकडातून कोरलेलं, बुटक्या पायांचं रुंद भांडं. त्याला काथ्याची वळलेली दोरी बांधलीय, दोरीच्या टोकाला पांढऱ्या कवड्या. दोरी गावप्रमुखांच्या दिशेनं सरळ पसरून ठेवलीय. ती ओलांडायची नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात एका सहा वर्षांच्या मुलीनं माझा सुलू, म्हणजे कमरेला गुंडाळलेलं वस्त्र, ओढून शिकवलं होतं.

बाहेर पाऊस थांबत थांबत पडतोय. पत्र्यावर सर आली की बोलणारे गप्प होतात, सर गेली की वाक्य जिथं सोडलं तिथून पुढे सुरू होतं. हे ओवालाऊ बेट, फिजीच्या लोमाइविती समूहातलं. बेटाच्या पोटात विझलेल्या ज्वालामुखीचं मोठं विवर आहे. त्याच्या तळाशी नदी, अळूची शेतं आणि हे गाव, लोवोनी. चहूकडे डोंगर. बेटावर असूनही इथून समुद्र दिसत नाही. मी गुहागरच्या बाजूची, जन्मभर समुद्राच्या आवाजात झोपलेली. पहिले पंधरा दिवस मला रात्री झोप लागत नसे. मग नदीचा आवाज कानात बसला.

मी शिकवते त्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्या डावीकडे, अर्धा हात पुढे बसलेत. तेही इथले नव्हेत, कान्दावू बेटावरचे. आज माझ्या वतीनं ते बोलणार आहेत. मी बोलायचं नाही. त्यांच्यापुढे यांगोनाच्या सुक्या मुळ्यांची जुडी आहे. ती मी परवा किनाऱ्यावरच्या लेवुकाच्या बाजारातून आणली. विकणाऱ्या बाईनं कशासाठी म्हणून विचारलं. ‘इतातऊ’ म्हटल्यावर तिनं हातातली जुडी परत ठेवली, आतून दुसरी काढली, जाड मुळ्यांची, आणि पैसे तेवढेच घेतले.

इतातऊ म्हणजे काय, ते मला इथे आल्यानंतर कळलं. परक्या माणसानं गावात यायचं तर यांगोना पुढे ठेवून प्रवेश मागायचा, त्याला सेवुसेवू म्हणतात. ते पर्यटकांनाही माहीत असतं. जातानाही मागावं लागतं, हे फारसं कोणी सांगत नाही. आपलं आपण उठून चालू लागणं इथे बसत नाही. ज्यांनी आत घेतलं त्यांच्यापुढे पुन्हा बसायचं, मुळ्या ठेवायच्या आणि म्हणायचं, मला जाऊ द्या. ते ‘हो’ म्हणतात तेव्हा माणूस मोकळा होतो.

मराठीत आपण ‘निरोप घेतो’ म्हणतो. बदल्या झाल्या, निवृत्त झाले, शाळेत समारंभ झाले, शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. प्रत्येक वेळी मी निरोप घेतला असं म्हटलं. घेतला म्हणजे कोणीतरी दिला असणार, हे कधी मनात आलं नाही. सासरी जाणाऱ्या मुलीला मात्र माझी आई उंबऱ्याशी थांबवून ठेवायची, मोठ्यांनी ‘ये जाऊन’ म्हटल्याशिवाय पाऊल उचलू द्यायची नाही. ती रीत आमच्या पिढीनं गाडीच्या वेळेपायी सोडली. इथे, घरापासून हजारो मैलांवर, मी तीच पुन्हा शिकते आहे.

मुख्याध्यापक बोलू लागतात. आवाज खालच्या पट्टीतला, नजर चटईवर. ही रोजची भाषा नव्हे, मानाची आहे. मला निम्मी कळते. ‘वूली’ हा शब्द चार-पाच वेळा येतो, म्हणजे शिक्षण. ‘इंदिया’ एकदा येतं. माझ्या आईचं आजारपण येतं, कारण मी जाते आहे ती त्याच कारणानं, आणि हे गावापासून लपवलेलं नाही. शेवटी ते जुडी दोन्ही हातांनी उचलून पुढे सरकवतात आणि मागे सरतात. सभागृहात हातांच्या ओंजळी जुळवून खोल आवाजाच्या टाळ्या वाजतात. या टाळ्या कौतुकाच्या नसतात. ऐकलं, पोचलं, असा त्यांचा अर्थ.

पलीकडून माता नि वानुआ जुडीला हात लावतात. माता म्हणजे चेहरा, वानुआ म्हणजे भूमी. आणि तिच्यावरची माणसंही. हे प्रमुखांच्या वतीनं बोलणारे. सत्तरी गाठलेला माणूस, हात अळूच्या शेतात राबून काळेभोर. त्यांचं बोलणं मी श्वास धरून ऐकते. मुख्याध्यापक कानाशी हळूच सांगतात: तुमच्या मुळ्या स्वीकारल्या. तुम्ही या मुलांजवळ बसलात. वाट मोकळी आहे. समुद्र शांत असो. आईपाशी वेळेत पोचा.

एवढंच. दोन मिनिटंही झाली नसतील. मला वाटलं होतं की या वेळी रडू येईल. उलट, पाठीवरचं काहीतरी उतरून ठेवल्यासारखं होतं. गेले तीन आठवडे मी वर्गात उभी राहिले की मनात येत होतं, आपण या मुलांना अर्ध्यावर टाकून चाललो. आता ज्यांची मुलं, त्यांनीच जा म्हटलं आहे.

तानोआत पाणी ओततात. कुटलेली पूड फडक्यात बांधून एक तरुण ती पाण्यात पिळतोय, गढूळ रंग येतो. नारळाच्या करवंटीचा बिलो भरून पहिल्यांदा प्रमुखांकडे जातो, मग माझ्याकडे. एकदा टाळी, ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, करवंटी परत द्यायची, तीन टाळ्या. चव मातीची आणि मिऱ्याची. जीभ लगेच बधिर होते. आमच्या परसातली मिरवेल, नागवेल आणि ही यांगोना, तिन्ही एकाच कुळीतल्या वेली-झुडपं आहेत, हे मी सहावीच्या मुलांना विज्ञानाच्या तासाला पानं हातात देऊन सांगितलं होतं. आमच्याकडेही पाहुण्याला निघताना विडा देतात, हे ऐकून त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांच्या मते ते तसंच असायला हवं.

तिसऱ्या फेरीनंतर जिभा सैल होतात. माता नि वानुआ माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणतात, ‘मारामा, आमच्या लोकांना एकदा असं जाता आलं नव्हतं.’

ही गोष्ट मी पूर्वी ऐकली आहे, पण त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच. 1871 सालची. किनाऱ्यावर दाकोम्बाऊ स्वतःला फिजीचा राजा म्हणवत होता आणि या खोऱ्यातले लोक त्याला दाद देत नव्हते. डोंगरांचा कोट लढून फुटत नव्हता. मग समेटाचं बोलावणं आलं. लोवोनीचे लोक खाली उतरले, जेवणावर बसले, शस्त्रं बाजूला ठेवलेली. तिथेच त्यांना घेरलं. बायका-मुलांसकट त्यांना निरनिराळ्या बेटांवरच्या गोऱ्या मळेवाल्यांना विकून टाकलं. खोरं ओस पडलं. 1874 मध्ये बेटं ब्रिटिशांकडे गेली आणि त्यानंतर हळूहळू माणसं परत आली. ‘घरांच्या जोत्यांवर झाडं उगवली होती,’ माता नि वानुआ म्हणतात, जणू स्वतः पाहिलेलं. ‘त्यांना कुणी निरोप दिला नाही. त्यांनीही कुणाचा घेतला नाही. म्हणून आम्ही कुणालाही तसं जाऊ देत नाही.’

कोणी काही बोलत नाही. बिलो पुन्हा फिरतो.

पाऊस उघडल्यावर बायका आत येतात, आणि मग मात्र सभागृहाचा रंगच पालटतो. सगळ्यांच्या अंगावर एकाच कापडाचे सुलू-जांबा: निळ्या जमिनीवर पिवळी जास्वंद. याला कालावाता म्हणतात. एका घरचं, एका गावचं कार्य असलं की सगळ्यांनी एकाच ताग्यातलं शिवायचं. मला मागच्या खोलीत नेतात, आणि दोन मिनिटांत माझ्याही अंगावर तेच कापड असतं. माप कधी घेतलं, विचारल्यावर एकजण सांगते की दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या पोलक्यावरून. एक म्हातारी दोन्ही तळव्यांवर पावडर घेऊन माझ्या गालांना, मानेला चोपडते. गळ्यात सालुसालू पडतो; पानं, साली आणि चाफा गुंफलेला जाड हार. ओल्या चाफ्याचा वास थेट श्रावणाचा आहे आणि महिना डिसेंबरचा.

आता मुलं. सातवीची बावीस. ती चार रांगांत जमिनीवर बसतात, कारण हा वाकामालोलो आहे, बसून करायचा मेके, म्हणजे इथला नाच. मागे मोठी मुलं बांबूच्या नळ्या जमिनीवर उभ्या आपटून ताल धरतात. हात एकदम वर, एकदम डावीकडे, एकदम उजवीकडे. बावीस माना एकत्र वळतात. आणि दुसऱ्या कडव्याला मला ऐकू येतं ते असं:

पाव. अर्धा. पाऊण. सव्वा. दीड. अडीच.

मी हात तोंडावर ठेवते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये या वर्गाला अपूर्णांक कळत नव्हते. वरचा आकडा, खालचा आकडा. फळ्यावर सगळी बरोबर उत्तरं काढायची आणि दीड म्हणजे किती, हे त्यांना हातानं दाखवता येत नसे. तेव्हा मी शाळेमागच्या झाडाचा नीरफणस आणला. इथे त्याला उतो म्हणतात. भाजला, आणि सुरीनं चार भाग केले. एक भाग हातात धरून मला मराठीच शब्द सुचला. मी सांगितलं, आमच्या भाषेत याला ‘पाव’ असं स्वतःचं नाव आहे. तीन भागांना ‘पाऊण’. अख्खा आणि वर एक भाग, ‘सव्वा’. एका आकड्याला एक नाव, जसं माणसाला असतं. मुलांना ते फार आवडलं. त्यानंतर गृहपाठाच्या वहीत 1½ च्या पुढे इंग्रजी अक्षरांत ‘दीड’ लिहिलेलं यायला लागलं. माझ्या आजोबांनी मला पावकी-निमकी छडी उगारून पाठ करून घेतली होती, आणि मी ती मोठेपणी निरुपयोगी म्हणून विसरून गेले होते. गणिताच्या शिक्षकांनी आपल्या भाषेतलं हे धन टाकून दिलं, ही मोठी चूक झाली असं मला आता ठामपणे वाटतं.

मुलं पाव दाखवताना एक बोट दुसऱ्या तळव्यावर ठेवतात. पाऊणला तीन बोटं. अडीचला दोन्ही हात पसरून उजवा कोपरात मोडतात. ही खूण मी शिकवलेली नाही, त्यांची त्यांनी बसवली आहे. पहिल्या रांगेतला एक मुलगा, ज्याला वर्षभर पुस्तकातला पाव आणि पाऊण वेगळा ओळखता आला नाही, त्याचं एकही बोट चुकत नाही.

मेके संपतो, टाळ्या होतात, आठवीतली उंच मुलगी पुढे येऊन इंग्रजीत भाषण वाचते. विन्स्टन वादळ आलं त्या रात्री, 20 फेब्रुवारी 2016 ला, ती पाच वर्षांची होती. देशभरात 44 माणसं गेली, या भागातली घरं नि शाळा जमीनदोस्त झाल्या. तिच्या घराचं छप्पर उडालं तेव्हा आजीनं तिला जेवणाच्या टेबलाखाली घेऊन वर स्वतःचं अंग घातलं होतं. हे तिनं निबंधात लिहिलं होतं. विषय मी दिला होता ‘माझं घर’. आज भाषणात ती त्यातलं काही बोलत नाही. ती म्हणते की तिला सुव्याला जाऊन इंजिनिअर व्हायचंय आणि छपरं बांधायची आहेत. मग कागद घडी घालून ती माझ्या हातात देते.

काळोख पडायच्या आधी मी पाच मिनिटं मागून घेते आणि शाळेकडे जाते. लाली वाजतेय, संध्याकाळच्या प्रार्थनेची. पोकळ ओंडक्याचा हा आवाज खोऱ्यात भिंतींवर आपटून परत येतो. झाडांवरून वटवाघळं निघालीत. शाळेच्या अंगणातला गुलमोहर पेटलाय. आमच्याकडे तो मे महिन्यात फुलतो, इथे नाताळच्या सुमारास. पण दोन्हीकडे तो शाळेला सुट्टी लागली की फुलतो, आंबेही तेव्हाच पिकतात. दोन वर्षांतली माझी सगळ्यात मोठी सोय हीच झाली. परक्या आभाळाखाली ऋतू उलटे, पण सुट्टीचा रंग तोच.

वर्गात शिरून मी टेबलाच्या खणात वही ठेवते. नव्या शिक्षकासाठी लिहिलेली आहे. कोणाला चष्मा हवा आहे, कोणाच्या घरी दिवा नाही म्हणून गृहपाठ शाळेतच करून घ्यायचा, कोणते दोघे शेजारी बसवले तर भांडतात आणि कोणते दोघे शेजारी बसवले तरच शिकतात. हजेरी घेताना नावातल्या रोमन ‘सी’चा उच्चार ‘द’सारखा करायचा, हे पहिल्या पानावर ठळक लिहिलंय. मी पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाची नावं चुकवली होती आणि मुलं इतकी शालीन, की चुकलेल्या नावालाही ‘येस मॅडम’ म्हणत राहिली.

जेवण लोवोतलं आहे. सकाळीच खड्डा खणून तापल्या दगडांवर अळकुड्या, कसावा, कोंबड्या रचून वर पानं आणि माती घातली होती. आता पानं उचलली की धुराचा आणि नारळाचा वास एकदम अंगावर येतो. माझ्यापुढे वेगळं पान येतं, मांसाशिवायचं. अळूच्या पानांत नारळाचं घट्ट दूध आणि कांदा बांधून भाजलेलं पालुसामी. आणि त्याच्या शेजारी, वाटीत, अळूवड्या.

पहिल्या पावसाळ्यात मी त्या केल्या होत्या. लेवुकाच्या दुकानात बेसन मिळतं, चिंचही मिळते. इथली अळूची पानं हत्तीच्या कानाएवढी. या बायका रोज अळू शिजवतात, पण पानाला पीठ लावून गुंडाळायचं, उकडायचं आणि मग तळायचं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. आज माझ्या नकळत चार घरांत त्या झाल्यात. वळकटी सैल आहे, तळताना सुटलीय, गूळ थोडा जास्तच पडलाय. मी सगळ्या खाते.

रात्री उशिरा, बहुतेक घरी गेल्यावर, बुबू माझा हात धरून बसते. बुबू म्हणजे आजी. गावातल्या सगळ्यांची तीच बुबू. शाळेच्या कुंपणाला लागून तिचं घर. दोन वर्षं रोज सकाळी माझ्या पायरीवर गवती चहाची जुडी ठेवलेली असे. तिला इंग्रजी येत नाही, मला तिची भाषा मोडकी येते. आमचं तरी अडलं नाही. तिनं मला चटई दिलीय, वोईवोईच्या पात्यांची, आमच्या केतकीच्या जातीच्या पानांची. कडेला लाल-हिरव्या लोकरीची झालर. विणायला तीन महिने लागले असावेत. म्हणजे मी जाणार हे मी गावाला सांगितलं त्याच्याही आधी तिनं सुरुवात केली होती. ऑगस्टमध्ये मला फोनवर आईचं कळलं, तेव्हा मी पायरीवर बसून रडले होते. तेवढं तिनं पाहिलं होतं.

ती म्हणते, ‘मोदे.’ हा त्यांचा निरोपाचा शब्द. झोप या क्रियेलाही हाच शब्द आहे. रोज रात्री दारावरून जाताना ती मला हेच म्हणायची.

मग ती विचारते, तुमच्यात काय म्हणतात?

मी सांगते, ‘येते.’ अर्थ सांगते. आम्ही जाताना ‘जाते’ म्हणत नाही. जाते म्हणणं वाईट. म्हणून पाऊल बाहेर टाकताना ‘येते’ म्हणायचं.

बुबू बराच वेळ विचार करते. तिचा अंगठा माझ्या मनगटावर फिरतोय. मग ती तो शब्द दोनदा म्हणून पाहते आणि विचारते, ‘मग तू येशील का?’

इतकी वर्षं हा शब्द वापरून मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आई एक्क्याऐंशीची आहे. तिकीट लाखाच्या घरात. मी खोटं बोलू शकत नाही, म्हणून म्हणते, ‘माहीत नाही, बुबू.’ ती मान हलवते. ‘इसा,’ म्हणते. या शब्दात हळहळ, माया, आठवण सगळं येतं. मराठीत त्याच्या जवळचा एकच शब्द नाही. मग ती दिवा कमी करते आणि आम्ही तिथेच चटईवर आडव्या होतो.

पहाटे चार. ट्रक येऊन उभा आहे. मागे दोन्ही बाजूंना लाकडी बाकं, वर ताडपत्री. माझी एक बॅग, चटईची गुंडाळी, नारळाच्या तेलाच्या दोन बाटल्या. आणि मुलं. कोणी बोलावलं नाही तरी ती येऊन ट्रकमध्ये बसली आहेत, काही अजून झोपेत. मुख्याध्यापक कोणालाही उतरवत नाहीत. रस्ता मातीचा, कालच्या पावसानं घसरडा. नदी ओलांडताना ड्रायव्हर थांबून पाण्याचा अंदाज घेतो. मागे वळून पाहते तर गावात एकच दिवा आहे, कुंपणालगतचा.

खोऱ्याच्या तोंडातून बाहेर पडलो की खारा वारा येतो. मग समुद्र.

बुरेसालाच्या धक्क्यावर बोट लागलेली आहे. लेवुकाहून सुव्याला जाणारी बस येते, ती बोटीतच चढणार. तासाभरात पलीकडे नातोवी, तिथून रस्त्यानं सुवा. बसचा ड्रायव्हर खिडकीतून मला हाक मारतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गरम पुडकं देतो. रोटी पार्सल, बटाट्याच्या भाजीचं. ‘सेठ तुमार खातिर भेजिस,’ तो म्हणतो. ‘बोलिस, भुलाना नै.’

लेवुकाचे ते दुकानदार मला दर शनिवारी बेसन देताना एकच गोष्ट विचारायचे: तुमच्या गावाहून कलकत्ता किती लांब? त्यांचे पणजोबा तिथून बोटीत चढले होते. 14 मे 1879 ला ‘लिओनिदास’ जहाज याच बेटाच्या लेवुका बंदरात आलं, चारशेहून अधिक हिंदुस्थानी मजूर घेऊन. जहाजावर पटकी आणि देवी पसरली होती, म्हणून त्यांना शेजारच्या यानुदा लाइलाइ या लहान बेटावर वेगळं ठेवलं. पुढे 1916 पर्यंत 60,000 हून अधिक माणसं आली. करार पाच वर्षांचा. अ‍ॅग्रीमेंटचं गिरमिट झालं, माणसं गिरमिटिया झाली. दहा वर्षं काढली की फुकट परत नेण्याचं वचन होतं. तरी बहुतेक इथेच राहिले. गावाचं नाव, नदीचं नाव पुढच्या पिढीला सांगत राहिले, तेही कुणी विसरले. दुकानदारांना पणजोबांच्या गावाचं नाव माहीत नाही. घरून निघताना पणजोबांना कोणी ‘ये जाऊन’ म्हटलं होतं का, की दलालानं रातोरात उचललं, हेही त्यांना माहीत नाही. मी रोटीचं पुडकं छातीशी धरते. अजून गरम आहे.

भोंगा वाजतो. मुलं धक्क्याच्या कडेला दोन रांगांत उभी राहिली आहेत, शाळेत उभी राहतात तशी, उंचीप्रमाणे. ‘इसा लेई’ सुरू होतं. या देशात बोट सुटताना, विमान सुटताना हेच गाणं म्हणतात, परक्यांसाठी हॉटेलातही म्हणतात, आणि मी ते अनेकदा ऐकलंय. पण तीन आवाजांत, पहाटेच्या वाऱ्यात, अनवाणी पायांनी म्हटलेलं हे वेगळं आहे. मोठ्या मुलांचे खालचे सूर, त्यावर मुलींचे. उंच मुलगी गात नाही, नुसती उभी आहे.

मी वरच्या डेकवर कठड्याशी येते. हात हलवते आणि मोठ्यांदा म्हणते, ‘येते!’

बुबूनं सकाळीच कुणाला तरी सांगितलं असणार. कारण धक्क्यावरून पहिल्या रांगेतला तो पाव-पाऊणवाला मुलगा दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडतो, ‘येते! मॅडम, येते!’

‘येतो!’ मी वरून ओरडते. ‘मुलगा असला की येतो!’

‘येतो!’ तो म्हणतो. मग सगळी मुलं ‘येतो’, सगळ्या मुली ‘येते’. कोणी कोणाला सांगितलं, त्यांनी कसं वाटून घेतलं, दिसलं नाही. बोट वळेपर्यंत ते चालू आहे. मग इंजिनाच्या आवाजात शब्द जातात, नुसती उघडी तोंडं दिसतात, मग नुसते रंग.

उजाडलंय. घड्याळात सहा, म्हणजे गावी अजून कालचे रात्रीचे साडेअकरा. आईला झोप लागली असेल. डोंगरांच्या माथ्यावर ढग उतरलेत. त्यांच्यामागे खोरं आहे, पाण्यावरून ते दिसत नाही. चटई मी मांडीवर आडवी घेतली आहे.

शाळा जानेवारीच्या शेवटी उघडेल. सातवीचे अपूर्णांक पुरे झालेत. दशांश राहिलेत.